धुलाईघरात काही सापडले नाही

११ जानेवारी

आत्या,

इथूनच वाकून नमस्कार. वाकताना कमरेत कळ आली, तीही तुमच्याच घराण्याची देणगी.

पेटी उघडलीस तेव्हा हे पत्र मिळालं असेल, कारण मी ते झाकणाला आतून चिकटवलंय. यापुढे आपला पत्रव्यवहार असाच. दर सोमवारी पार्सलच्या गाडीनं ही बर्फाची पेटी तुझ्याकडून आमच्या प्रयोगशाळेत येणार आणि गुरुवारी रिकामी परत जाणार. झाकणात एक कागद सहज मावतो. फोनवर मी नुसतं 'हो हो' करते आणि ऐकत काहीच नाही, ही तुझी जुनी तक्रारही त्यानं मिटेल.

आता कामाचं. तुमच्या जुन्या इस्पितळाचं बंद पडलेलं धुलाईघर, आणि त्याच्या माळ्यावर लटकणारी वटवाघळं, आमच्या संस्थेच्या यादीत गेली आहेत. रानटी प्राण्यांमध्ये कोणते विषाणू फिरतात आणि त्यातला कुठला उद्या माणसांत शिरू शकेल यावर नजर ठेवायची, एवढंच आमचं काम. माझी आत्या समोरच्याच नर्सेस क्वार्टर्समध्ये राहते आणि रोज त्यांच्याकडे बघून नाक मुरडते, असं मी संचालकांना सांगितलं. ते म्हणाले, "वा! म्हणजे स्थानिक स्वयंसेविका मिळाली." मानधन नाही. ओळखपत्र आहे. त्यावर तुझं नाव नाही, नुसतं 'स्वयंसेविका, केंद्र क्र. ९' आहे.

प्राण्याला हातही लावायचा नाही. संध्याकाळी ती बाहेर पडली की त्यांच्या जागेखाली प्लॅस्टिकची चादर अंथरायची. सकाळी ती परत येऊन निजली की चादरीवर जे पडलं असेल, लेंड्या, मुताचे थेंब, ते कापसाच्या काडीनं टिपून नळीत बंद करायचं. हातमोजे, मास्क, चष्मा पेटीत आहेत. एकटी वर चढू नकोस.

एक गोष्ट मात्र जिवापाड सांभाळ. स्वच्छता. बाहेरचं काहीही नमुन्यात जाता कामा नये.

तुझी भिंगरी


१६ जानेवारी

भिंगरी,

चौतीस वर्षं इस्पितळात काढली, त्यातली वीस ऑपरेशन थिएटरमध्ये आणि शेवटची सहा मेट्रन म्हणून. आणि तू मला स्वच्छता शिकवतेस! तुझं नाक पुसायची आठवण तुझ्या आईला मी करून द्यायचे.

पहिली फेरी पार पडली. शिडी पहारेकरीमामांनी धरली. हे आमच्या फाटकावरचे. माणूस दाराएवढा, पण वटवाघूळ म्हटलं की डोळे घट्ट मिटून घेतो. त्या मिटल्या डोळ्यांच्या भरवशावर मी सदुसष्टाव्या वर्षी अकरा पायऱ्या चढले.

"वर काय दिसतंय बाई?"

"अडीचशे-तीनशे असतील. उलट्या टांगल्यात."

"बघतायत का?"

"झोपल्यात, मामा."

"मग तुम्ही जरा हळू बोला ना."

माळ्यावर चादरी वाळत घालायच्या लाकडी दांड्या अजून शाबूत आहेत. मी नवीन लागले तेव्हा याच दांड्यांवरून वॉर्डाच्या चादरी मोजून घ्यायचे, आणि दर वेळी दोन कमी भरायच्या. आता तिथं या बायका ओळीनं लटकल्यात, एकही रांग सोडून नाही. मला वाटलं होतं किळस येईल. आलीच, पण ठरवली होती त्यापेक्षा कमी.

चादर कशी तयार करायची ते तू लिहिलं नाहीस. लिहायची गरजही नाही, ते माझ्याकडे लागलं. माझ्या हातून घाण यायची नाही.

तुझी आत्या

ता. क. ओळखपत्रावरचा फोटो कुणाचा आहे?


२ मे

आत्या,

फोटो कार्यालयातल्या आधीच्या स्वयंसेविकेचा. बदलून देतो म्हणालेत, म्हणजे देणार नाहीत.

ऐक, बातमी मोठी आहे. पंधरा आठवडे झाले आणि तुझ्या केंद्राचा निकाल शून्य. बाकीच्या आठ केंद्रांत दर महिन्याला काही ना काही सापडतं. बहुतेक वेळा निरुपद्रवी असतं, पण सापडतं. तुझ्याकडे काहीच नाही! सुरुवातीला संचालकांनी भुवया उंचावल्या. मग आकडे पुन्हा पाहिले. मग तीन वर्षांत पहिल्यांदा माझ्या टेबलाशी चालत आले आणि माझं नाव विचारलं.

त्यांचं म्हणणं असं की या वसाहतीत विषाणूंना दाद न देण्याची काहीतरी खास ताकद असणार. ती कशानं आली हे कळलं तर तोंडात बोटं घालायला लावील असं काम होईल. अहवाल मीच लिहायचा. तुला ठाऊक आहे, माझा करार डिसेंबरअखेर संपतो. एकच कायमची जागा निघणार आहे आणि तिच्यासाठी आम्ही चौघं नंबर लावून बसलोय. संचालक म्हणाले, "केंद्र नऊ ज्याचं, जागा त्याची."

बाबांना सांगून चुकले. त्यांनी अख्ख्या गल्लीला सांगितलं, आणि कोपऱ्यावरच्या शिंप्यानं मला हाक मारून 'वटवाघळाच्या डॉक्टरीणबाई' म्हटलं.

भिंगरी


९ मे

भिंगरी,

काही न सापडल्याबद्दल शाबासकी मिळते असं खातं मी पहिल्यांदाच पाहतेय. आमच्याकडे काही सापडलं नाही की पुन्हा शोधायला पाठवायचे.

पण मला तुझा अभिमान वाटतो, हे लिहून ठेवते. तुझ्या बापाला सांग, गल्लीला सांगायचंच तर आत्याचंही सांगावं. चादर कोण अंथरतं म्हणावं.

आत्या


२० जुलै

आत्या,

अहवाल छापून आला. बत्तीस पानं, 'एका विषाणुमुक्त वसाहतीचा अभ्यास'. शेवटच्या पानावर 'स्थानिक सहकार्य' म्हणून तू आहेस, अर्थात बिननावाची. एक प्रत पेटीत ठेवलीय. पान चौदावर जो आलेख आहे ती जमिनीलगतची सरळ रेघ म्हणजे तुझं केंद्र. सगळे त्या रेघेकडे बघून माना डोलावतात.

काल दुसऱ्या संस्थेचे दोघे पाहुणे आले होते. विषाणू नसणं कसं शक्य आहे, यावरच घोडं अडलं होतं त्यांचं. मी तासभर समजावलं. मजा म्हणजे आम्ही या विषाणूंना एवढं घाबरतो, पण तसे ते फार नाजूक. साबणानं त्यांचं कवच विरघळतं, आणि ब्लीचिंगचं पाणी लागलं तर आतलं काहीच शिल्लक राहत नाही, असून नसल्यासारखे होतात. म्हणून आम्ही ब्लीचिंगची बाटली नमुन्यांच्या खोलीत येऊच देत नाही. कुणी आणली तर संचालक घर डोक्यावर घेतात.

मुलाखत २० ऑक्टोबरला. नुसता उपचार आहे म्हणतात.

भिंगरी


२६ जुलै

भिंगरी,

अहवाल वाचला. चौदावं पान दोनदा पाहिलं. रेघ सरळ आहे.

या आठवड्यापासून चादर कोरडी अंथरते आहे. का ते विचारू नकोस. हवा दमट आहे.

निकाल काय येतो ते मला लगेच कळव. इकडचं तिकडचं न लिहिता आधी तेवढं लिही.

आत्या


९ ऑगस्ट

आत्या,

आधी तेवढंच लिहिते. या खेपेचे नमुने खराब झाले. वाटेत बर्फ वितळला असावा. मागच्या सोमवारचेही तसेच. त्यामुळे निकाल नाही.

तू हातमोजे घालतेस ना? आणि मास्क? सहज विचारलं. जरा अजून स्वच्छता पाळलीस तर बरं.

काळजी घे.

भिंगरी


१७ ऑगस्ट

भिंगरी,

बर्फ वितळला म्हणतेस. पार्सलच्या गाडीवाल्याला मी खोदून विचारलं. पेटी साडेपाच तासांत तुमच्या दारात पोचते, आणि तुमचा शिपाई सही करून घेतो. याच जातीच्या पेटीतून मी सात वर्षं खेडोपाडी लशी नेल्या आहेत, कधी बैलगाडीतून, कधी डोक्यावरून. तिच्यात बर्फ दीड दिवस टिकतो. तेव्हा तो वितळला असेल तर तुमच्या ओट्यावर वितळला.

कुणीतरी हलगर्जीपणा करतंय आणि तुझ्या गळ्यात येईल. लक्ष ठेव. या वेळी दुप्पट नळ्या पाठवल्यात, चादर कोरडीच होती. नीट तपास. मी वाट बघतेय.

आत्या


३० ऑगस्ट

आत्या,

तेही खराब झाले. कुणाची चूक ते बघते मी.

मला वाटतं तू नवीन काही करू नकोस. जुलैपर्यंत जे करत होतीस, जसं करत होतीस, तसंच पुन्हा कर. तीच पद्धत उत्तम होती. आणि आठवड्याला नको, महिन्यातून एकदा पाठवलंस तरी चालेल. मुलाखत होईपर्यंत निदान. तुझे गुडघेही दुखतात.

भिंगरी


४ सप्टेंबर

भिंगरी,

माझे गुडघे दुखतात हे मी तुला कधी लिहिलेलं नाही, कारण ते दुखत नाहीत.

आता बस आणि वाच. जुलैपर्यंत मी जे करत होते ते असं. तू लिहिलंस, स्वच्छता जिवापाड सांभाळ. थिएटरमध्ये स्वच्छता म्हणजे काय, तर हायपो. तुम्ही ब्लीचिंगचं पाणी म्हणता तेच, जरा कडक. मी दर रविवारी संध्याकाळी चादर हायपोत बुडवायचे आणि ओलीच अंथरायचे, कारण पुसून कोरडी केली की हायपो काम करत नाही, हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात. सकाळी काडीचा दांडाही त्यातच बुडवून घ्यायचे. नळीचं तोंडही. म्हणजे तुझ्या त्या तीनशे जणींनी जे काही टाकलं, ते खाली पडायच्या आधीच मेलेलं होतं असं समज. चौदाव्या पानावरची रेघ वटवाघळांची नाही. माझी आहे.

तुझं २० जुलैचं पत्र वाचलं आणि काय घडलं ते माझ्या लक्षात आलं. तेव्हाच सांगायला हवं होतं. पण मुलाखत समोर होती. म्हटलं, आपण गुपचूप चादर कोरडी करू, नमुनेच काय ते बोलतील, आणि तुला वाटेल की ऋतू बदलला म्हणून निकाल बदलला. माझी लाजही झाकली जाईल आणि तुझी जागाही राहील. तर तुझा बर्फ वितळायला लागला.

चौतीस वर्षांत माझ्या हातून रुग्णाला जंतुसंसर्ग झाला नाही, याचा मला फार ताठा होता. आता त्याच ताठ्यानं तुझा घात केला. मला माफ कर. आणि तुझ्या साहेबांना आजच्या आज सांग.

आत्या


८ सप्टेंबर

आत्या,

वर चढू नकोस. आधी हे. कुणालाही चढू देऊ नकोस, माळ्याला कुलूप लाव.

बर्फ वितळला नव्हता. एकदाही नाही.

२७ जुलैला तुझी पहिली कोरडी चादर आली आणि तिच्यात विषाणू सापडला. पुढच्या खेपेला पुन्हा, त्याच्या पुढच्या खेपेला आणखी जास्त. कुठल्याच यादीत नसलेला आहे. ज्या घराण्यातला आहे त्यातले काही माणसाला आजारी पाडतात, काही पाडत नाहीत. हा कुठल्यातला ते ठाऊक नाही. ठाऊक नाही म्हणूनच तुला सांगायला हवं होतं, हे मला त्या दिवशीही कळत होतं. मी नळ्या मागच्या फ्रीजमध्ये सरकवल्या आणि तुला बर्फाचं लिहिलं. मनाची समजूत घातली की हातमोजे आहेत, मास्क आहे.

अजून आहे. नमुना तपासायच्या आधी एक साधी चाचणी असते. त्यात वटवाघळाचा अंश आहे का, एवढंच बघायचं. आम्ही तिला हजेरी म्हणतो. वटवाघूळच सापडलं नाही तर विषाणू सापडला नाही याला काय अर्थ? जानेवारीतच त्या चाचणीचं सामान संपत आलं होतं, पुढे निकाल तर छान शून्य येत गेले, म्हणून मी केंद्र नऊची हजेरी कधी घेतलीच नाही. घेतली असती तर पहिल्याच आठवड्यात कळलं असतं की चादरीवर कुणीच नाही. तुझा हायपो पकडायचं काम माझं होतं. तेव्हा रेघ तुझी एकटीची नाही.

पेटीत रक्त काढायचं सामान आहे. तू आणि मामा, दोघांचं पाठव. ताप, खोकला, काहीही आलं असेल तर लिही. संचालकांना सांगते. सांगेन.

भिंगरी


१५ सप्टेंबर

प्रति,
संशोधन सहायक, केंद्र क्र. ९

महोदया,

आपल्या ८ तारखेच्या पत्रानुसार रक्ताचे दोन नमुने सोबत पाठवले आहेत. एक, स्वयंसेविका, वय ६७. दोन, पहारेकरी, वय ५८. पहारेकरी हे केवळ शिडीच्या खालच्या टोकाशी होते व त्यांचे डोळे मिटलेले होते, याची नोंद घ्यावी.

माळ्यास कुलूप लावले असून धुलाईघराच्या दारावर सूचना लिहिली आहे. चादर काळजीपूर्वक गुंडाळून पिशवीत बंद केली आहे. ताप नाही. खोकला नाही.

स्वयंसेविका, केंद्र क्र. ९


९ ऑक्टोबर

आत्या,

मधली तीन पत्रं तुला मिळालीच असणार, कारण पेटी दर वेळी रिकामी परत आली. चौथं लिहिते.

रक्ताचा निकाल आला. तुझ्यात काही नाही, मामांतही काही नाही. कधी होऊन गेल्याची खूणसुद्धा नाही. मी निकाल हातात घेऊन जिन्यात बसले आणि रडले. शिपायानं विचारलं, काय सापडलं? म्हटलं, काही नाही. तो म्हणाला, मग रडता कशाला, तुमचं तर नेहमीचंच आहे.

काल संचालकांना सांगितलं. महिनाभर आज-उद्या करत होते. त्यांनी शांतपणे ऐकलं, खिडकी लावली आणि म्हणाले, "हे किती जणांना माहीत आहे?" मग एक कागद ओढून त्यांनीच एक वाक्य लिहून दिलं. ते असं: 'स्थानिक स्वयंसेविकेने सूचनांचे उल्लंघन करून चादरीवर जंतुनाशक वापरल्याने केंद्र क्र. ९ चे निकाल रद्द समजावेत.' बस. हजेरीचा उल्लेख नाही, मागच्या फ्रीजचा नाही. नवीन विषाणू 'पद्धत सुधारल्यावर' सापडला असं म्हणायचं. म्हणजे प्रयोगशाळाही निर्दोष आणि मीही. जागाही माझीच. सही तेवढी १९ तारखेच्या सोमवारपर्यंत हवी.

"त्यात खोटं काय आहे?" ते म्हणाले. खोटं काहीच नाही, हीच तर पंचाईत आहे. फक्त सूचनांचं उल्लंघन तू केलं नाहीस. सूचना मी दिली होती आणि ती तू माझ्यापेक्षा जास्त पाळलीस.

काय करू ते विचारत नाही. नुसतं कळवते.

भिंगरी


१३ ऑक्टोबर

भिंगरी,

माझ्या रक्तात काही सापडलं नाही म्हणतेस. आता खरं सांग, हजेरी घेतली होतीस ना?

बोलायचं नाही असं ठरवलं होतं, पण सोमवार जवळ आला म्हणून लिहिते. मला विषाणूची भीती नव्हती वाटली. आयुष्यभर त्यातच वावरले. मला लागलं ते हे, की ९ ऑगस्टला तुला सगळं ठाऊक होतं आणि खाली तू 'काळजी घे' लिहिलंस. तीन सोमवार मी वर चढले. तू नेहमीप्रमाणे झोपलीस का ग? मला तू लहानपणापासून माझी वाटतेस, आणि त्या कायमच्या जागेपुढे मी तुला लांबची वाटले, हे माझ्या घशाखाली उतरत नव्हतं.

आता कामाचं. सही कर. मी चादर भिजवली हे खरं आहे. डॉक्टरांच्या चुका स्वतःच्या अंगावर घेण्यात माझी हयात गेली, त्यात ही तर माझीच आहे. माझी नोकरी संपली, पेन्शन कुणी काढून घेत नाही. ओळखपत्रावर तर फोटोसुद्धा माझा नाही! बदनामी व्हायची ती त्या बाईची होईल. तुझं पुढं सगळं पडलंय. वेड्यासारखं काही करू नकोस.

आत्या


६ नोव्हेंबर

आत्या,

तू मला कधी सांगणार होतीस?

मी त्या सोमवारी सही केली नाही. त्याऐवजी तीन पानं लिहून संचालकांच्या टेबलावर ठेवली. हजेरी मी घेतली नाही, विषाणू मी दडवला, स्वयंसेविकेला धोका असताना मी कळवलं नाही, दोष माझा. त्यांनी ते वाचलं, आणि मग टपालातून त्याच सकाळी आलेलं रजिस्टर पत्र उघडून माझ्यासमोर धरलं. तुझं. चार पानं! वर ठळक अक्षरांत 'कबुलीजबाब'. 'संशोधन सहायकाने वेळोवेळी बजावूनही मी हट्टाने हायपो वापरला.' मी कधी बजावलं? 'तिने मला ऑगस्टमध्येच सावध केले होते, पण मी ऐकले नाही.' आत्या, तू ठार खोटं लिहिलंस, तेही सुवाच्य अक्षरात.

"दोघींपैकी खरी कोण?" ते म्हणाले.

"सर, चादर तिनं भिजवली. बाकी माझं खरं."

"पण फॉर्ममध्ये एकच नाव लिहायची जागा आहे."

खरंच आहे. 'जबाबदार व्यक्ती (एकच नाव लिहावे).' त्यांनी पेन उचललं, ठेवलं, पुन्हा उचललं. मग ज्याला कुणाला काही सुचत नाही तो जे करतो ते केलं. तीन जणांची समिती नेमली. मुलाखती पुढे ढकलल्या. आणि नियम असा आहे की चौकशी चालू असलेल्या माणसाला कामावरून कमी करता येत नाही, म्हणून माझा करार समितीचा अहवाल येईपर्यंत आपोआप वाढला. समितीला मुदत सहा महिन्यांची. इथले अनुभवी लोक म्हणतात, दोन वर्षं धर. खोट्या निष्कर्षावर मला जागेचं नुसतं आश्वासन मिळालं होतं, खऱ्यावर पगार चालू राहिला.

विषाणूचं विचारशील. त्या नळ्या आता पुरावा आहेत. त्यांना लाखेचं सील लावून कपाटात ठेवलंय. चावी समितीच्या अध्यक्षांकडे आहे, आणि अध्यक्ष रजेवर आहेत. तो माणसाला होतो की नाही हे शोधायला आता तिघांच्या सह्या लागतील. मी रोज अर्ज देते. आज सतरावा दिला. समिती मंजूर करील न करील, अर्ज देणं मी थांबवणार नाही. एवढं मला ऑगस्टमध्ये जमायला हवं होतं.

झोपले होते का विचारलंस. पहिल्या सोमवारी झोपले. खोटं लिहीत नाही. पुढच्या दोन सोमवारी नाही. मला तुझी माफी मागायची आहे आणि ती कागदावर धड मागता येत नाही. तुझ्याहून मोठी कुठलीच जागा नव्हती ग. मला ते उशिरा कळलं.

आणि शेवटी हा आदेश, जसाच्या तसा उतरवते: 'चौकशी पूर्ण होईपर्यंत संबंधित दोन्ही व्यक्तींनी परस्परांशी पत्राने, दूरध्वनीने अथवा तिसऱ्या व्यक्तीकरवी संपर्क साधू नये. नमुन्यांच्या पेटीत नमुन्यांखेरीज काहीही ठेवू नये.' १५ नोव्हेंबरपासून लागू. म्हणजे तुझं एक पत्र येऊ शकतं.

भिंगरी


१३ नोव्हेंबर

भिंगरी,

चार पानं लिहिली कारण तीनांत मावलं नाही. खोटं म्हणशील तर पहिल्यांदाच लिहिलं, त्यामुळे जरा पसरट झालं. समितीपुढे मी खरं तेच सांगणार आहे, तू लिहिलंस ते सगळं, ऑगस्टसकट. तुला वाचवायचं होतं, पण तू स्वतःच खरं सांगून मोकळी झालीस, तर आता मी मागे कशाला राहू? मे महिन्यात तुझा अभिमान वाटतो असं लिहिलं होतं. ते चुकीच्या कामासाठी होतं. आता बरोबर लागू पडतं.

दारावरची सूचना मामांनी मोठ्या अक्षरांत रंगवून घेतली. मुलं तिकडे खेळायला येईनाशी झालीत. वटवाघळांना कुणी धूर घालायला निघालं तर मला आधी हाक मारा, असंही मामांना सांगून ठेवलंय. हाकलली की ती पन्नास घरांच्या छपरांत पसरतील, आणि मग तुमच्या समितीनं कुठं कुठं कुलपं लावायची? मामा हल्ली एक डोळा उघडा ठेवतात.

राग पुष्कळसा गेला. थोडा उरलाय. तो पत्रातून जाण्यातला नाही, समोर बसून भांडल्याशिवाय मला चैन पडायचं नाही. तुझी माफीही तशीच समोर घेईन, आणि माझीही तुला तशीच मागेन.

आदेश चष्मा पुसून तीन वेळा वाचला. पत्र नाही, फोन नाही, निरोप नाही. माणसानं उठून माणसाकडे जाऊ नये असं कुठंच लिहिलेलं नाही. तिघांपैकी एकालाही ते सुचलं नसावं.

तेव्हा याचं उत्तर लिहू नकोस. रविवारच्या गाडीनं ये आणि जोरात दार वाजव. बेल बंद पडली आहे.

आत्या